टाकीवरचा चरा, गटाचा खर्च

कोकणातले काही महिला बचत गट आता शोभिवंत मासे पाळतात. गप्पी, मोली, प्लॅटी वाढवायचे आणि विकायचे. गिऱ्हाईक मासा हातात घेऊन बघत नाही, टाकीतूनच बघतं. टाकी धुरकट असली तर निरोगी मासाही मलूल वाटतो आणि भाव पडतो. म्हणून आज आपण ॲक्रेलिकच्या टाकीवरच्या चऱ्यांबद्दल बोलू.

ॲक्रेलिक म्हणजे पारदर्शक प्लास्टिक. काचेच्या निम्म्या वजनाचं, सहजी फुटत नाही, पण मऊ. शेवाळ पुसताना फडक्यात वाळूचा कण अडकला, तारेची घासणी लागली, हातातली बांगडी घासली, की चरा पडतो. पण मऊ असल्यामुळेच हा चरा घरी काढताही येतो. लगेच नवी टाकी घ्यायला नको.

आधी चऱ्यावरून नख फिरवा. नख अडकलं नाही तर चरा वरवरचा. अडकलं तर खोल. आणि चरा नसून तडा असेल, किंवा सांध्यातून पाणी झिरपत असेल, तर घासू नका. पाण्याचा दाब तळाशी जास्त असतो. अशी टाकी रिकामी करून कारागिराला दाखवा.

आता बाहेरचा चरा. गाडी रंगवणारे वापरतात तो वॉटर पेपर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. नंबर जितका मोठा तितका कागद बारीक. वरवरच्या चऱ्याला 1000 नंबरपासून सुरुवात करा, खोल असेल तर 600 पासून. मग 1500 आणि शेवटी 2000. कागद आधी पाण्यात भिजवा आणि जागा सतत ओली ठेवा. एका नंबरने आडवं घासलं तर पुढच्याने उभं घासा. आधीच्या रेघा पूर्ण गेल्या की मगच पुढचा कागद घ्या. फक्त चऱ्यावरच घासलं तर तिथे खळगा पडतो आणि मासे वेडेवाकडे दिसतात, म्हणून आजूबाजूची वीतभर जागाही घासा. जागा दुधाळ दिसेल, घाबरू नका. गाडीच्या दिव्यांना लावतात ते प्लास्टिकचं पॉलिश मऊ सुती कापडाने गोल गोल चोळलं की चमक परत येते.

आतल्या चऱ्यासाठी मासे दुसऱ्या टाकीत हलवा आणि टाकी रिकामी करा. फिल्टरचा स्पंज टाकीच्याच जुन्या पाण्यात ठेवा, नळाखाली धुऊ नका, त्यातले उपयोगी जीवाणू मरतात. आतून फक्त कागदाने 2000 नंबरपर्यंत घासा. पॉलिश अजिबात नको, त्याचा अंश माशांना विषारी ठरू शकतो. थोडा धूसरपणा राहिला तरी चालतो. पाणी भरलं की बारीक रेघा पाण्याने भरतात आणि दिसेनाशा होतात. मग साबण न लावता टाकी तीन वेळा स्वच्छ धुवा. नळाचं पाणी क्लोरीनचं असेल तर एक दिवस उघडं ठेवून मगच भरा.

काच पुसायचं निळं औषध आणि स्पिरिट ॲक्रेलिकला लावू नका, त्याने बारीक भेगांचं जाळं पडतं. रोजच्या पुसण्याला ओलं मऊ कापड पुरे. हात घालण्याआधी बांगड्या आणि अंगठी काढून ठेवा.

आता शेवटचं, पण महत्त्वाचं. चरा दिसला की गटात पहिला प्रश्न येतो, "हा पाडला कोणी?" एकीवर बोट रोखलं, की पुढच्या पाळीला कोणी टाकीत हात घालायला तयार होत नाही. शेवाळ वाढतं, मासे मरतात आणि हप्ता थकतो. म्हणून आम्ही बैठकीत ठरवून घेतो, की टाकी सगळ्यांची, तर चराही सगळ्यांचा. कागद-पॉलिशचा खर्च गटाच्या वहीत लिहायचा, आणि घासणारीचे तासही लिहायचे. कारण दुपारभर वाकून घासणं हे कामच आहे, आणि कामाची नोंद झाली तरच नफ्याच्या वाटणीत ते मोजलं जातं.