आपल्या पुळणीवरचे पाहुणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली. भाषणाची मला सवय नाही. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तू रोज समुद्रावर काय पाहतेस तेवढे सांग," म्हणून उभी राहिले आहे.

गणपती गेले की पितृपक्ष लागतो आणि आपण पान वाढून कावळ्याची वाट पाहतो. त्याच दिवसांत आरे-वाऱ्याच्या पुळणीवर न बोलावता दुसरे पाहुणे उतरतात. तिकडे मात्र कोणाचे लक्ष नसते. मूठभर आकाराचे, ओल्या वाळूच्या रंगाचे पक्षी. चार पावले तुरुतुरु पळायचे, थांबायचे, टोचायचे. हे चिखले. यांतले कितीतरी लडाख-तिबेटकडे उंचावर अंडी घालून येतात. भाद्रपदात काहींच्या छातीवर विटकरी रंग राहिलेला असतो, पुढे तो जातो. लाट परतली की तिच्यामागे धावणारा पांढुरका पक्षी दिसतो, त्याला सँडरलिंग म्हणतात. तो तर उत्तर ध्रुवाकडचा. कुरव मागाहून, दसरा-दिवाळीच्या सुमारास येतात.

मला खरे नवल वाटते ते पिल्लांचे. अशा पक्ष्यांत पुष्कळदा मोठे आधी निघतात आणि त्या वर्षीची पिल्ले मागाहून आपली आपण येतात. 2022 साली अलास्कात गॉडविट जातीच्या एका पिल्लाच्या अंगावर शास्त्रज्ञांनी बारीकसे यंत्र बसवले होते. ते पाच महिन्यांचे पिल्लू कोठेही न उतरता 11 दिवसांत सुमारे 13,560 किलोमीटर उडून टास्मानियाला पोचले. आणि आपण मुलीला रत्नागिरीला पाठवायची तर एसटीत बसवून कंडक्टरलाही चार वेळा सांगतो!

एवढे उडून आलेल्या पक्ष्याच्या अंगावरची चरबी सरलेली असते. ओहोटीला त्याला वाळूतले किडे टोचून खायचे असतात, भरतीला विसावा हवा असतो. भरतीत पुळण अरुंद होते आणि सगळा थवा उरलेल्या पट्टीवर दाटीने उभा राहतो. नेमक्या त्याच पट्टीवर मोटारी फिरतात, कुत्री धावतात, मुले गंमत म्हणून थवा उडवतात. एकदा उडाले तर बिघडत नाही. पण दिवसातून वीस वेळा उडावे लागले तर खाल्लेले सारे उडण्यातच जाते. जेवायला बसलेल्या माणसाला आपण पानावरून असे उठवतो का?

पर्यटक नकोत असे मी म्हणत नाही. आपल्यातल्या कितीजणींची चूल त्यांच्यावर पेटते हे मला ठाऊक आहे. म्हणूनच म्हणते, ज्यांच्याकडे पाहुणे उतरतात त्यांनीच सांगावे, मोटार रस्त्यावर ठेवा, थव्यापासून लांबून चला. जेवण वाढताना सांगितलेले माणसे ऐकतात, पाटी लावून ऐकत नाहीत.

पाहायला जायची वेळ काढणे आपल्याला कठीण नाही. तिथीच्या पाऊणपट केले की भरतीची वेळ निघते, हे कालवे काढायला जाणाऱ्या बायकांना पाठच असते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. भरतीच्या तास-दीड तास आधी थवा गोळा होऊ लागतो, आणि सकाळचे ऊन आपल्या पाठीकडून येत असल्याने रंग छान दिसतात.

पितृपक्षातल्या इंदिरा एकादशीला मी सकाळी पावणेसातला निघणार आहे. त्या दिवशी उपास, तेव्हा भाकऱ्यांची घाई कोणालाच नाही. यायचे तिने यावे. दुर्बीण नसली तरी चालेल, पण कुत्रा घरी बांधून या.