लक्षद्वीप : नामांतराचा कायदा

अरबी समुद्रातील लक्षद्वीप या केंद्रशासित प्रदेशाला हे नाव कायद्याने मिळाले ते १ नोव्हेंबर १९७३ रोजी. त्याआधीची सतरा वर्षे सरकारी दप्तरात त्याची नोंद ‘लक्कदीव, मिनिकॉय आणि अमिनदीवी बेटे’ अशी होती. जमीन जेमतेम ३२ चौरस किलोमीटर आणि नाव मात्र एवढे लांबलचक!

या लांबीला इतिहास होता. अमिनदीवी बेटे अठराव्या शतकाच्या अखेरीस टिपू सुलतानाच्या ताब्यात गेली आणि १७९९ मध्ये त्याच्या पाडावानंतर इंग्रजांकडे आली. उरलेली बेटे कण्णूरच्या अरक्कल घराण्याकडे होती. तीही पुढे कंपनी सरकारच्या हाती गेली. परिणामी मद्रास प्रांतात अमिनदीवी दक्षिण कानडा जिल्ह्यात आणि बाकीची बेटे मलबार जिल्ह्यात, अशी वाटणी झाली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हे सारे तुकडे एकत्र आले, पण नावातली जुनी वाटणी तशीच राहिली. प्रशासनाचे मुख्यालयही १९६४ पर्यंत कोळिकोडला, म्हणजे बेटांबाहेरच होते. त्या वर्षी ते कवरत्तीला हलले.

राज्याचे किंवा केंद्रशासित प्रदेशाचे नाव बदलण्याचा अधिकार राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाने संसदेला दिला आहे. विधेयकाला राष्ट्रपतींची शिफारस लागते. राज्याच्या बाबतीत विधानमंडळाचे मतही मागवावे लागते. केंद्रशासित प्रदेशाला ती अट नाही. अशा कायद्याने घटनेची पहिली अनुसूची बदलली, तरी चौथ्या अनुच्छेदानुसार ती घटनादुरुस्ती मानली जात नाही आणि साधे बहुमत पुरते. लक्षद्वीपसाठी १९७३ चा चौतिसावा अधिनियम झाला. त्याने पहिल्या अनुसूचीबरोबर अनुच्छेद २४० मधील उल्लेखही बदलला. म्हैसूरचे कर्नाटक झाले तेही १ नोव्हेंबर १९७३ रोजीच.

खरे कौशल्य लागते ते नाव बदलून बाकी काहीही बदलू न देण्यात. जुन्या नावाने केलेले कायदे लागू राहावेत, प्रलंबित दावे निव्वळ नावापायी अडू नयेत, यासाठी नामांतराच्या कायद्यांत स्वतंत्र कलमे घालतात. वरवर रुक्ष वाटणाऱ्या या कलमांवरच सारा कारभार सुरळीत चालतो.

नाव बदलण्याचा संसदेचा हा अधिकार मात्र प्रदेशापुरता असतो. लक्षद्वीप, केरळ, श्रीलंका आणि मालदीव यांच्यामधला समुद्र आंतरराष्ट्रीय नकाशांवर आजही ‘लक्कदीव समुद्र’ याच नावाने दाखवला जातो.