आईचं माहेर आणि चिखलदऱ्याची कॉफी

(मंडळाच्या गुढीपाडवा स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या मेळाव्यात दर वर्षी कुणी ना कुणी आपल्या प्रवासाबद्दल बोलतं. काश्मीर झालं, केरळ झालं, दुबईही झाली. आम्ही गेलो चिखलदऱ्याला. जाण्याआधी ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यातल्या निम्म्या लोकांनी एकच प्रश्न विचारला, "तिथे काय आहे बघण्यासारखं?" आम्हाला हसू आलं. मुंबई-सुरतेचे पर्यटक खानवेलच्या नाक्यावर गाडी थांबवून आपल्याला हेच विचारतात.

म्हणून आधी तेच सांगतो. चिखलदरा अमरावती जिल्ह्यात, सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. विदर्भाचं थंड हवेचं ठिकाण. भोवती मेळघाटचं जंगल. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा पहिल्या नऊ राखीव जंगलांत मेळघाट होतं. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत फेकलं, म्हणून कीचकदरा आणि त्याचं चिखलदरा झालं, अशी कथा सांगतात. कॉफी म्हटलं की आपल्याला कूर्ग, चिकमगळूर आठवतं. पण आपल्या महाराष्ट्रात कॉफी पिकणारा डोंगर म्हणून ओळख आहे ती चिखलदऱ्याची.

आता आम्ही का गेलो ते सांगतो. आमची आई परतवाड्याची. सातवीत असताना शाळेची सहल चिखलदऱ्याला गेली होती. तिथे गुरुजींनी प्रत्येकाच्या हातावर कॉफीचं एकेक लाल फळ ठेवलं. आईने ते चाखलं, तर गोड! ही गोष्ट आम्ही दोघा भावांनी लहानपणापासून शंभर वेळा तरी ऐकली असेल. "लोक म्हणतात कॉफी कडू असते, मला तर गोड लागली होती," असं सांगून ती थांबायची आणि वडील म्हणायचे, "पुढच्या वर्षी जाऊ."

कर सवलतीमुळे सिल्वासाला कारखाने येऊ लागले, तेव्हा वडील इथे नोकरीला लागले. आम्ही तेव्हा शाळेतही जात नव्हतो. आधी कारखान्याच्या पाळ्या, मग आमची शिक्षणं, मग घराचं कर्ज. पुढचं वर्ष पुढेच जात राहिलं. मधल्या काळात मामांनी परतवाड्याचं घर विकलं. वडील जाऊनही आता चार वर्षं झाली. गेल्या दिवाळीत आई सहज म्हणाली, "माझे गुडघे अजून एखादा डोंगर चढतील." आम्ही दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं आणि डिसेंबरातली रजा टाकली.

आई, आम्ही दोघे, दोन्ही सुना आणि दोन मुलं, असे सात जण एका गाडीत. पहाटे चारला खानवेल सोडलं. जव्हार, मोखाडा, त्र्यंबकेश्वर, नाशिक, मालेगाव, धुळे, पारोळा असा रस्ता. एरंडोलजवळ पद्मालयाला वाट वाकडी केली. आमोद आणि प्रमोद अशा गणपतीच्या दोन मूर्ती तिथे शेजारी शेजारी आहेत. साडेतीन गणेशपीठांत या स्थानाची गणना करतात. मुलांनी विचारलं, "दोन गणपती, मग मोदक दुप्पट का?" पुढे जळगाव, भुसावळ करत मुक्कामाला शेगाव. गुडघेदुखीचं माणूस बरोबर असेल तर एका दिवसात चिखलदरा गाठण्याचा हट्ट धरू नये.

या रस्त्यात एक गंमत झाली. मलकापूर आलं की विदर्भ सुरू होतो. तिथे चहाला थांबलो आणि आई टपरीवाल्याशी वऱ्हाडीत बोलू लागली. "काहून बाप्पा, इतकी साखर टाकतं का चहात?" मुलं बघतच राहिली. आजीची ही भाषा त्यांनी कधी ऐकलीच नव्हती. खरं सांगायचं तर आम्हीही विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी गजानन महाराजांचं दर्शन घेऊन अकोट, अंजनगाव सुर्जी, परतवाडा. शाळेत सुर्जी-अंजनगावचा तह पाठ केला होता. शिंदे आणि इंग्रज यांच्यात ३० डिसेंबर १८०३ रोजी झालेला. ते गाव असं रस्त्यात, कापसाच्या गाड्यांच्या गर्दीत भेटेल असं वाटलं नव्हतं. त्याच महिन्यात, १५ डिसेंबरला, आर्थर वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांचा गाविलगड घेतला होता. किल्ला चिखलदऱ्याला लागूनच आहे. मुलांना इतिहासाचं पुस्तक गाडीच्या खिडकीतून दिसलं.

परतवाड्याला आईचं घर शोधायला वेळ लागला नाही, पण घर नव्हतं. त्या जागी तीन मजली इमारत, खाली मोबाइलचं दुकान. आई समोरच्या फुटपाथवर दोन मिनिटं उभी राहिली. विहीर कुठे होती ते तिने हाताने दाखवलं. तिथे आता मोटारसायकली लावल्या होत्या. आम्हाला वाटलं, ती रडेल. ती म्हणाली, "चला, वर जाऊ."

परतवाड्यापासून चिखलदरा सुमारे ३० किलोमीटर. सागाचं जंगल, वळणावळणाचा घाट आणि हळूहळू गार होत जाणारी हवा. वर पोचलो तेव्हा स्वेटर काढावे लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी बघायला गेलो. आमची कल्पना चहाच्या मळ्यासारखी होती, उघड्या उतारावर हिरव्या ओळी. तसं काही नाही. मोठमोठ्या झाडांच्या खाली, सावलीत, पुरुषभर उंचीची झुडपं. पानं गर्द हिरवी, तेल लावल्यासारखी चकचकीत. फांदीला चिकटून फळांचे घोस, काही हिरवे, काही लाल. राखण करणारे एक कोरकू दादा होते. आईने त्यांना विचारलं, "एक घेऊ का?" त्यांनी स्वतः तोडून दिलं. आईने फळ चावलं आणि डोळे मिटले. "गोडच आहे," ती म्हणाली. एवढंच. इतक्या वर्षांनी साक्ष पटली.

दादांनी फळ दाबून मुलांना आतल्या दोन बिया दाखवल्या, एकमेकींना सपाट बाजूने चिकटलेल्या. गोडवा असतो तो वरच्या गरात. गर काढायचा, बी वाळवायची, वरचं टरफल काढायचं, मग भाजायची. कडूपणा आणि तो वास भाजल्यावर येतो. दादा म्हणाले, "हे झाड एकटं उन्हात टिकत नाही. वरची झाडं आहेत म्हणून हे आहे."

कॉफी मूळची इथिओपियाची, तिथून येमेनला गेली. बाबा बुदान नावाच्या सूफी साधूने सतराव्या शतकात सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. चिखलदऱ्याला ती इंग्रजांच्या आमदानीत आली. म्हणजे हे झाड तिथलं नव्हे. दुसऱ्यांच्या सावलीत रुजलं, वाढलं आणि आता त्या गावाची ओळख झालं. आम्हाला वाटलं, ही तर आपलीच गोष्ट. परतवाडा, जळगाव, सातारा, कोकण सोडून आपण इथे आलो आणि रुजलो.

पण दादांनी पुढे विचारलं, "तुम्ही कुठले?" आम्ही सांगितलं. "तिकडे आमच्यासारखे कोण राहतात?" मुलं म्हणाली, "वारली, कोकणा, धोडिया." दादा म्हणाले, "मग त्यांची बोली येत असेल तुम्हाला."

आम्ही गप्प. सगळं आयुष्य खानवेलमध्ये गेलं, साकरतोड नदीत पोहायला शिकलो, पण वारलीत चार वाक्यं सलग बोलता येत नाहीत. आई मात्र म्हणाली, "मला येते थोडी. भाजीवाल्या बायकांनी शिकवली." बाहेरून आलेली ती. इथे वाढलेले आम्ही.

दादांनी मुलांना कोरकूतले दोन-चार शब्द शिकवले. कोरकू ही मराठीच्या नात्यातली भाषा नाही. ती मुंडा कुळातली, तिकडे झारखंडच्या संथाळी-मुंडारीच्या गोतातली. मेळघाट म्हटलं की वर्तमानपत्रातून आपल्याला फक्त कुपोषण ठाऊक. त्या माणसांची स्वतःची भाषा आहे, तिला इतकं लांबचं गोत आहे, हे आम्हाला पन्नाशी जवळ आल्यावर कळलं.

निघताना धाकट्याने विचारलं, "एक रोप नेऊ या?" आई म्हणाली, "खानवेलच्या उकाड्यात जगायचं नाही ते. राहू दे त्याच्या सावलीत." आम्ही अर्धा किलो कॉफी पावडर तेवढी आणली.

ज्यांना जायचं असेल त्यांनी डिसेंबर-जानेवारीत जावं, तेव्हा लाल फळं दिसतात. थंडीचे कपडे न्यावेत, परतवाड्यालाच पेट्रोल भरून घ्यावं. फळ विचारल्याशिवाय तोडू नये, आणि प्लास्टिक परत आणावं. दुधनीच्या काठावर लोक काय टाकून जातात ते आपण बघतोच.

आमच्या दारावर दर मंगळवारी भाजी घेऊन एक वारली मावशी येतात, वीस वर्षं येत आहेत. परत आल्यावर आईने त्यांना ओट्यावर बसवून चिखलदऱ्याची कॉफी दिली. मावशींना ती कडू लागली. त्यांनी आणखी साखर मागितली आणि त्या दोघी हसत कितीतरी वेळ बोलत बसल्या. आम्ही शेजारी बसून होतो, निम्मंच कळत होतं. तेव्हापासून मंगळवारी भाजी घ्यायला आम्ही स्वतः बाहेर जातो. चुका होतात, मावशी हसतात, सुधारून सांगतात.

मंडळाला एक विनंती करून थांबतो. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात एक संध्याकाळ आपल्या वारली शेजाऱ्यांना द्यावी. त्यांचा तारपा आपल्या मंडपात वाजावा, आणि त्यांना बोलवायला आपण त्यांच्या पाड्यावर जावं. शक्यतो त्यांच्या बोलीत बोलवावं. आई बरोबर यायला तयार आहे.