तिघांचें घड्याळ एक

शनिवारीं रात्रीं उशीरा घाटकोपरच्या फलाटावर कर्जतकडे जाणारी गाडी येते, तेव्हां तिच्यांतून उतरणारा मनुष्य आठवड्याचा शीण घेऊन उतरतो, आणि चढणाऱ्यांपैकीं कांहींजण पाठीवर बोजा घेऊन चढतात. नेहमींच्या प्रवाशांस हें दृश्य नवें नाहीं. उपनगरांतील डोंगरवेडी मंडळी वर्षानुवर्षें हीच वेळ साधून कर्जत नाहीं तर कसारा गांठीत आली आहेत. मुलुंडच्या ‘चक्रम हायकर्स’ या संस्थेनें तर या वेडाला शिस्त लावून सह्याद्रींतून दिवसचे दिवस चालण्याची ‘सह्यांकन’ ही वहिवाटच पाडली. त्यामुळें दारांत उभा असलेला एखादा गृहस्थ सहज विचारतो, “कुठला गड?” अलीकडे कधीं कधीं त्याला उत्तर मिळतें, “गड नव्हे, सराव.” “कसला सराव?” या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मुलुंड येईपर्यंत पुरें होत नाहीं.

ज्या शर्यतीचा हा सराव, तिला इंग्रजींत ‘ॲडव्हेंचर रेस’ म्हणतात. मराठींत साहस-शर्यत म्हणावें. तींत आंखलेला मार्ग नसतो आणि दुतर्फा टाळ्या वाजविणारी गर्दीही नसते. संघाच्या हातीं नकाशा दिला जातो. त्यावर चौक्या खुणावलेल्या असतात, आणि त्या एकेक गांठीत शेवटापर्यंत जावयाचें असतें. वाटेचा कांहीं भाग पायीं, कांहीं सायकलीवर, कांहीं पाण्यांतून वल्हवीत आणि कांहीं दोराच्या आधारानें पार करावा लागतो. दिवस मावळला म्हणून शर्यत थांबत नाहीं. झोंप केव्हां घ्यावी व किती घ्यावी हा ज्याचा त्याचा प्रश्न. घड्याळ मात्र चालूच असतें.

या खेळाचें कूळ शोधूं गेल्यास न्यूझीलंड गांठावें लागतें. रॉबिन जडकिन्स या गृहस्थानें १९८३ सालीं तेथील दक्षिण बेटावर पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारें २४० किलोमीटरांची ‘कोस्ट टु कोस्ट’ ही शर्यत सुरू केली. धावणें, सायकल चालविणें आणि नदींतून कयाक वल्हविणें हीं तिन्ही तींत होतीं. १९८९ सालीं जेरार फ्यूझिल या फ्रेंच पत्रकारानें त्याच देशांत ‘रेद गोलवाझ’ भरविली, ती पांचपांच जणांच्या संघांची. पुढें १९९५ मध्यें अमेरिकेंतील यूटा प्रांतांत ‘इको-चॅलेंज’ निघाली. तिची २०१९ ची शर्यत फिजी बेटांवर झाली. मार्ग ६७१ किलोमीटरांचा, संघ ६६, आणि त्यांत डेहराडूनच्या ताशी व नुंगशी मलिक या जुळ्या बहिणींचा भारतीय संघ. या बहिणींनीं २०१३ सालींच एव्हरेस्ट सर केलें होतें, तेव्हां त्यांस हौशी म्हणणें धाडसाचें होईल. महाराष्ट्रांतल्या हौशी माणसाला हा खेळ भेटला तो पुण्याच्या आसपासच्या डोंगरांत, ‘एन्ड्युरो ३’ या नांवानें. तेथें संघ तिघांचा.

तिघांचा संघ म्हटल्यावर ऐकणाऱ्यास वाटतें कीं काम वांटून घ्यावयाचें असेल. एकानें धावावें, दुसऱ्यानें सायकल चालवावी, तिसऱ्यानें वल्हीं मारावीं. तसें मुळींच नाहीं. तिघांनीं सगळें करावयाचें, आणि सगळें बरोबर राहून करावयाचें. चौकीवर दोघे पोंचले आणि तिसरा मागें राहिला, तर कोणीच पोंचलें नाहीं. धरला जातो तो शेवटच्या माणसाचा वेळ. आषाढीच्या दिंडीलाही म्हाताऱ्या वारकऱ्याच्या पावलाशीं आपलें पाऊल जुळवून घ्यावें लागतें. पण दिंडीला एकादशी गांठावयाची असते, पुढची दिंडी मागें टाकावयाची नसते. येथें दोन्ही करावयाचें असतें, आणि सारी कुचंबणा तेथूनच सुरू होते.

तत्पूर्वीं सरावाचें पाहूं. परका मनुष्य नकाशा पाहून म्हणेल कीं याकरितां मुंबईच्या उपनगरांसारखी सोयीची जागा नाहीं. पश्चिमेस बोरिवली, पूर्वेस मुलुंड, आणि मध्यें सुमारें १०४ चौरस किलोमीटरांचें संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. डोंगर आहेत, घळी आहेत, ओढे आहेत, पोटांत विहार व तुळशी हे दोन तलाव आहेत, आणि खालीं पवईचा तिसरा. पण हें ताट वाढलेलें असलें तरी पानावर बसण्याची मोकळीक नाहीं. उद्यान १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं येतें. परवानगीवांचून आडरानांत शिरतां येत नाहीं, आणि तें योग्यच आहे. २०१५ सालीं कॅमेरे लावून केलेल्या पाहणींत या परिसरांत ३५ बिबटे आढळले होते. बोरिवलीहून मुलुंडला रात्रीं रानांतून धावत जाण्याची कल्पना वनखात्याइतकीच त्यांनाही नापसंत पडेल. विहार आणि तुळशी हे एकोणिसाव्या शतकांत बांधलेले तलाव शहराला पिण्याचें पाणी देतात, म्हणून तेथें कोणा हौशी माणसानें कयाक घालावयाची नाहीं. पवईचें पाणी पिण्याचें नाहीं, पण त्यांत मगरी आहेत!

मग उरतें काय? बोरिवलीच्या दरवाज्यापासून कान्हेरीपर्यंतचा डांबरी चढ उरतो. शंभरांहून अधिक लेणीं जेथें कोरलीं त्या भिक्षूंनीं कातळांत पायऱ्याही कोरून ठेवल्या आहेत, त्यांवर मांड्या चांगल्या भरून येतात. गोरेगांवाकडून पवईकडे जाणारा आरे वसाहतींतला रस्ता पहाटे सायकलींना बरा. पोहण्याला अंधेरीचें शहाजीराजे क्रीडासंकुल आहे, मुलुंडचें प्रियदर्शिनी आहे. आणि कांहींच न जमल्यास इमारतीचा जिना आहे. पाठीवर पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन वीस मजले चार वेळां चढणाऱ्या माणसास पहिल्या दिवशीं शेजारी विचारतात कीं लिफ्ट बिघडली काय, आणि दुसऱ्या दिवसापासून कांहींच विचारीत नाहींत. ‘हौसेला मोल नाहीं’ म्हणतात. पण सायकल, शिरस्त्राण, डोक्यावरची विजेरी, चांगले बूट यांस मोल द्यावेंच लागतें. सर्वांत महाग पडते ती कचेरींतली रजा.

२००४ पासून मुंबईंत मोठी मॅरेथॉन भरूं लागल्यावर उपनगरांत धावणारीं माणसें पुष्कळ झालीं, आणि या शर्यतीकडे येणाऱ्या हौशी लोकांत त्यांचा भरणा असतो. त्यांचा दम चांगला असतो. घोटे मात्र डांबरावर वाढलेले असतात. घसाऱ्यावर पहिलें पाऊल टाकलें कीं तें जाणवतें. सह्याद्रि हा लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला. कडा, मग सपाट पदर, पुन्हा कडा, अशी त्याची रचना आहे. सर्व्हे ऑफ इंडियाचा पन्नास हजारांस एक या प्रमाणाचा नकाशा घेतला तर त्यावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि उंचीची प्रत्येक रेषा वीस मीटरांच्या अंतरानें. आतां पंधरा मीटरांचा उभा कडा दोन रेषांमध्यें सुखानें लपून बसूं शकतो! कागदावर सोंड सरळ उतरलेली दिसते. प्रत्यक्षांत विजेरीचा झोत पुढें टाकावा तों पुढें कांहींच नसतें. होकायंत्र दिशा सांगतें, वाट सांगत नाहीं. आणि ढोरवाटा तर फसविण्याकरितांच जन्मल्या आहेत. गुरें चरावयास जातात, तीं चौकी गांठावयास जात नाहींत. कारवींत शिरून पदरावरून गोल फिरून ती वाट माणसाला जेथून निघाला तेथेंच आणून सोडते.

असा एखादा संघ डोळ्यांपुढें आणावा, जसे अनेक असतात. एक अंधेरीचे विमाकचेरींतले कारकून, वय पंचेचाळीस. दुसऱ्या मुलुंडच्या एक शिक्षिका. तिसरा घाटकोपरचा तरुण औषधविक्रेता, जो सर्वांत चपळ आहे आणि ज्याला तें ठाऊकही आहे. कारकुनांना दोघेही दादा म्हणतात, बाईंना तो तरुण ताई म्हणतो. दुपारीं नदी ओलांडून झालेली आहे. रात्रीं दहाच्या सुमारास तिघे एका सोंडेवर चढत आहेत. तरुण पुढें, विजेरी वळवून वळवून मागें पाहतो. दादांच्या मोज्यांत दुपारचें पाणी तसेंच आहे आणि टांचेला फोड येऊं लागला आहे. ही गोष्ट त्यांनीं दोन तास कोणास सांगितलेली नाहीं.

न सांगण्याचें कारण दुष्ट नसतें. आपल्यापायीं दुसऱ्यांचा खोळंबा होऊं नये, ही भल्या माणसाची भावना असते. ‘आपलें ठेवावें झांकून’ ही शिकवण तर आपल्याकडे घरोघर आहे. लोकलच्या गर्दींत, कचेरींत, चाळींत ती उपयोगीही पडते. पण डोंगरांत फोड झांकला म्हणजे तो मोठा होतो. ज्याला दहा मिनिटांत चिकटपट्टी लावून गप्प करतां आलें असतें, तो पहाटे दीड तास खातो, आणि तो दीड तास तिघांच्या खात्यांतून जातो.

ताईंच्या लक्षांत येतें तें डोळ्यांनीं नव्हे, कानांनीं. मागच्या पावलांचा ताल बदललेला असतो.

“दादा, बूट काढा.”

“पुढच्या चौकीवर काढतों.”

“चौकी तिथंच राहील. पाय राहायचा नाहीं.”

दादा दगडावर बसतात. टांच कोरडी करून, फोडावर पट्टी बसवून, कोरडे मोजे चढवीपर्यंत खालून दोन संघांच्या विजेऱ्या वर येतात, शेजारून जातात आणि वरच्या खिंडींत दिसेनाशा होतात. तरुण कांहीं बोलत नाहीं, पण त्याचें न बोलणें सर्वांस ऐकूं येतें. मग ताई दादांची सॅक उचलून त्याच्या छातीवर अडकवितात. ही शिक्षा नव्हे, हिशेब आहे. जो वेगवान त्याच्यावर ओझें वाढविलें आणि जो मंद त्याचें कमी केलें म्हणजे तिघांची चाल जवळ जवळ येते. सायकलीच्या चढावर याच हिशेबानें पुढच्या सायकलीला लवचिक दोरी बांधून मागच्याला ओढतात. मुरलेल्या संघांना यांत लाज वाटत नाहीं. नवख्यांना वाटते, आणि ती जाण्याला एखादी सबंध रात्र लागते.

मध्यरात्र उलटल्यावर झोंप आपला वांटा मागूं लागते. वाटेंतले धोंडे बसलेल्या माणसांसारखे दिसतात. कोणीतरी हांक मारल्यासारखें वाटतें. वीस मिनिटें पाठ टेकली तरी हें बरेंच निवळतें. खाण्याची गंमत अशी कीं भूक लागेपर्यंत थांबल्यास उशीर होतो. शरीराला दर तासाला तीस ते साठ ग्रॅम पिठूळ-साखरेचें इंधन लागतें. चिक्की, खजूर, गूळ, शेंगदाणे यांनीं तें भागतें. पाणी मात्र नुसतेंच घटाघटा पीत राहणें धोक्याचें, कारण रक्तांतील मीठ फार पातळ झालें तर मनुष्य भ्रमिष्ट होतो. म्हणून मीठ, लिंबू, आणि तहानेपुरतें पाणी.

पहाटे चारच्या सुमारास खालीं धरणाचें पाणी काळें चमकतांना दिसतें. तेथील चौकी ठराविक वेळेंत गांठली नाहीं तर संघाला पुढें सोडीत नाहींत. वेळ पुरेसा आहे, उतार आहे, आणि दादांचा पाय आतां चालतो आहे. अशा वेळीं पुढची विजेरी थांबते. तरुण वांकून उभा आहे. त्याला ओकारी होते. दोन बोजे घेऊन आपण ढिले पडलों असें दिसूं नये म्हणून त्यानें रात्रीं नऊपासून कांहीं खाल्लेलें नाहीं, आणि हें त्यानें कोणास सांगितलेलें नाहीं.

ताई मिठाची पुडी काढतात. दादा कांहीं न बोलतां त्याच्या छातीवरची आपली सॅक सोडवितात, मग त्याच्या पाठीवरचीही. तरुण नको नको म्हणतो. दादा म्हणतात, “काल रात्रीं मीही हेंच म्हटलें.” गुळाचा खडा चघळून, दोन घोंट पाणी घेऊन तो उभा राहतो. आतां पुढें ताई, मध्यें तो, आणि शेवटीं दोन बोज्यांचे दादा. चालतांना ताई दर पन्नास पावलांना विचारतात, “कसं आहे?” आणि प्रथमच दोघांकडूनही खरें उत्तर येऊं लागतें. “जीभ कोरडी पडली.” “टांच पुन्हा हुळहुळते आहे.” “हळू जरा.” चौकीवरचा मनुष्य त्यांची नोंद करतो तेव्हां मुदतीला अकरा मिनिटें उरलेलीं असतात, आणि पूर्वेकडे उजाडूं लागलेलें असतें. कयाक कांठाला लागलेली आहे.

सोमवारीं सकाळीं अंधेरीहून चर्चगेटला जाणाऱ्या गाडींत एक गृहस्थ एक पाय बुटांत व एक चपलेंत घालून उभा असतो. शेजारचा प्रवासी खालीं पाहतो आणि विचारतो, “काय हो, काय झालें?” गृहस्थ टांच किंचित् उचलून धरतो आणि म्हणतो, “फोड आलाय. जरा बसूं द्याल?”