नगरसेवकाविरुद्ध तक्रार : कुणाकडे आणि कशाची?

(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील वस्ती-कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



पत्रिकेत माझ्या नावापुढे 'नगरसेवकाच्या वागणुकीबद्दल तक्रार' एवढेच छापले आहे. यातला 'वागणूक' हा शब्द मला अडचणीचा वाटतो. नगरसेवक भेटत नाही ही वागणूक. दाखल्यावर सही करायला पैसे मागतो ही वागणूक. टँकर आपल्या माणसांच्या गल्लीत आधी वळवतो ही वागणूक. (२०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आले तेव्हा लातूरमध्ये असलेल्यांना टँकर म्हणजे काय हे सांगायला नको.) आणि "संध्याकाळी कागद घेऊन एकटीच ये" म्हणतो, हीसुद्धा वागणूकच. बायका हे सगळे एकाच अर्जात लिहून आणतात. वर जिल्हाधिकाऱ्यांपासून मुख्यमंत्र्यांपर्यंत सगळ्यांना प्रती, खाली शंभर सह्या आणि अंगठे. मग प्रत्येक कचेरी म्हणते, हे आमच्याकडचे नाही. आणि पंचाईत अशी की ती अर्धे खरेच बोलत असते.

म्हणून आधी अर्ज फाडून वेगळा करायचा. गुन्हा असेल तर पोलीस. लाच असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग. पदाचा गैरवापर असेल तर पालिकेचा कायदा. नुसताच कामचुकारपणा असेल तर त्यासाठी कलम नाही, त्यासाठी मोर्चा आहे आणि निवडणूक आहे.

पालिकेचा कायदाही एक नाही. नांदेड १९९७ साली महापालिका झाली, लातूर २०११ साली. तिथे १९४९ चा महापालिका अधिनियम लागतो. उदगीर, देगलूर, निलंगा, मुखेड इथे नगरपालिका आहेत, तिथे १९६५ चा. पहिल्यात कलम १३ आणि दुसऱ्यात कलम ४२ जवळजवळ एकच सांगतात. कर्तव्य बजावताना गैरवर्तन किंवा लांछनास्पद वर्तन केले, तर शासन नगरसेवकाला पदावरून काढू शकते. सभागृहाने शिफारस केली तरच असे नाही, शासन स्वतःहूनही करू शकते. सभागृह आपल्याच माणसाविरुद्ध ठराव कशाला करील? तेव्हा आपला अर्ज शासनाच्या नगरविकास विभागाकडे गेला पाहिजे, आणि त्यात कायद्याचेच शब्द हवेत. 'आमच्यावर अन्याय होत आहे' या वाक्यावर कुणालाही पदावरून काढता येत नाही. तारीख, जागा, काय घडले, कागद कोणता, पाहिले कुणी, हे लिहा.

उरणच्या नगराध्यक्षांचे प्रकरण लक्षात ठेवा. निविदेच्या कामात गैरप्रकार केला म्हणून शासनाने त्यांना काढले आणि सहा वर्षे अपात्र ठरवले. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. लोकांनी निवडून दिलेल्या माणसाला काढणे ही साधी गोष्ट नाही, नियम काटेकोर पाळला पाहिजे, आदेशात कारणे दिली पाहिजेत, असे न्यायालयाने म्हटले. त्याच निकालात आपल्याला बोचणारी गोष्ट आहे. तक्रार करणारा हा त्या प्रकरणात पक्षकार होत नाही, फार तर साक्षीदार. म्हणजे आपण अर्ज दिला की खटला आपल्या हातातून गेला. जे काही बोलायचे ते पहिल्याच अर्जाच्या कागदांनी बोलायचे. मला हा निकाल कडक वाटतो, पण चूक वाटत नाही. का ते पुढे सांगते.

आता लाचेबद्दल. नगरसेवक हा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली लोकसेवक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली राजस्थानातल्या एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. टोल फ्री क्रमांक १०६४. पण २०१८ साली कायदा बदलला आणि लाच देणाराही गुन्हेगार ठरू लागला. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सुटका आहे, पण सात दिवसांच्या आत कळवले तर. हे सात दिवस वस्तीत कुणालाच माहीत नसतात. पैसे देण्याआधीच फोन केला तर सगळ्यात बरे.

आमच्याकडच्या एका लहान गावात, नाव सांगत नाही, एक परित्यक्ता बाई संजय गांधी निराधार योजनेच्या कागदांसाठी रहिवासी दाखला मागायला गेली. प्रभाग महिलांसाठी राखीव, निवडून आलेली बाई. पण दाखल्यासाठी पैसे मागितले ते नवऱ्याने. पाचशे घेतले, आणखी मागितले. ती आमच्याकडे आली ती बाराव्या दिवशी, सोबत वस्तीतल्या दहा-बारा जणी. म्हणाल्या, "ताई, लिवा, या बाईला काढून टाका." मी विचारले, पैसे बाईंनी मागितले का? "नाही माय, मालकानं. पण नगरसेवक तर तीच हाय ना?"

प्रश्न अगदी बरोबर होता. कायद्याने जबाबदारी तिचीच. आम्ही त्या नगरसेविकेला घरी नाही, पालिकेत गाठले. ती म्हणाली, "माझा शिक्का त्यांच्या खिशात असतो."

आमच्या गटात दोन तट पडले. काही जणी म्हणाल्या, शिक्का देणारी तीच, तिला पद नको असेल तर सोडू दे. मला ते पटले नाही. १९९० साली राज्याने स्थानिक संस्थांत ३० टक्के राखीव जागा दिल्या, मग ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती आली, २०११ पासून ५० टक्के झाल्या. या जागांवर आलेल्या बायकांविरुद्ध तक्रारी कशा होतात तेही पाहा. जळगाव जिल्ह्यात पारोळा तालुक्यात विचखेडे गाव आहे. तिथे २०२१ साली महिला राखीव जागेवर सरपंच झालेल्या बाईला, ती सासूबरोबर सरकारी जमिनीवरच्या घरात राहते, एवढ्या तक्रारीवर अपात्र ठरवले. मी नवरा-मुलांसह वेगळी भाड्याने राहते, हे तिचे म्हणणे वर कुणी नीट तपासलेच नाही. शेवटी २०२४ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तिला पद परत दिले, आणि बाई सरपंच झाली हे गावाला सोसवत नाही, असा शेराही मारला. उरणचा कडक निकाल मला चूक का वाटत नाही, ते यामुळे. पुरावा मागणारा नियम तिचेही रक्षण करतो.

म्हणून आम्ही 'बाईला काढा' असे लिहिले नाही. त्याच कायद्यात, लोकसेवकावर वजन वापरून काम करून देतो म्हणून पैसे घेणारा खासगी माणूसही सापडतो. तक्रार नवऱ्याविरुद्ध करायचे ठरले. दुसऱ्या मागणीचे पैसे अजून दिलेले नव्हते, सापळा लावता आला असता. पण बाईने नकार दिला. तिचे घर त्याच गल्लीत, मुलगी दहावीला. मी आग्रह धरला नाही. पोलिसांच्या गाडीनंतरचे दिवस तिला काढायचे होते, मला नाही.

मग मुख्याधिकाऱ्यांना आणि नगरसेविकेला लेखी पत्र दिले : दाखला नगरसेवकाचाच हवा हे कुठे लिहिले आहे ते दाखवा, आणि हवाच असेल तर सही बाईंनी स्वतः पालिकेत बसून करावी. आता ती मंगळवारी पालिकेत बसते. नवरा बाहेर पानाच्या टपरीवर बसतो. पाचशे रुपये परत मिळाले नाहीत. आमच्या गटातल्या निम्म्या जणी अजून म्हणतात, तुम्ही त्याला सोडला.

"एकटीच ये" याबद्दल मात्र तडजोड नाही. तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ खालचा गुन्हा आहे, तो पालिकेच्या अर्जात घालायचा नाही. कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, महिला अधिकाऱ्याने जबाब घ्यायचा असतो. ठाण्याने नाकारला तर पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा, पोच जपून ठेवा. जळगावचे १९९४ चे प्रकरण जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. आरोपींत स्थानिक राजकारणातले लोक होते. फार थोड्या मुली पुढे आल्या, बहुतेक खटले टिकले नाहीत. मुलीबरोबर ठाण्यात कोण जाणार हे वस्तीने आधीच ठरवून ठेवलेले असावे, त्या रात्री शोधाशोध नको.

अर्जाचे नमुने मागच्या टेबलावर आहेत. उदगीर आणि देगलूरच्या बायकांनी १९६५ च्या कायद्याचा घ्यावा. पिवळा कागद महापालिकेचा आहे.