सुभेदार रामजी सकपाळ: एक कुटुंबवत्सल बाप

महूच्या लष्करी शाळेचे मुख्याध्यापक सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर तुटपुंज्या पेन्शनवर संसार चालवत होते. 1896 मध्ये पत्नी भीमाबाई गेल्या. पुढे मुंबईत, परळच्या चाळीतल्या एका खोलीत बिऱ्हाड थाटलं. जागा इतकी अपुरी की चिरंजीव भीमराव लवकर झोपत, रामजी जागे राहत आणि रात्री दोनला त्यांना अभ्यासाला उठवत. पुस्तकासाठी पैसे नसले की लेकीकडे जायचं, तिचा दागिना गहाण टाकायचा, पेन्शन आली की सोडवून परत द्यायचा. मुलासाठी लेकीपुढे हात पसरायला मन फार मोठं लागतं! 2 फेब्रुवारी 1913 रोजी रामजी वारले. त्याच वर्षी भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.