पान न पुसता पुढचं पान



ब्राउझरमध्ये नकाशा उघडून आपण तो बोटानं सरकवतो, तेव्हा पडदा कोरा होत नाही. पुढचा भाग अलगद येऊन जोडला जातो. मेलमधलं एक पत्र मिटून दुसरं उघडलं तरी बाजूची यादी जागची हलत नाही. याउलट कितीतरी संकेतस्थळांवर एक लिंक दाबली की सगळं पांढरं होतं आणि तेच शीर्षक, तीच चित्रं पुन्हा वरून खाली भरत येतात. पहिला प्रकार मला मनापासून आवडतो. पण त्यात वाचकाच्या हक्काच्या दोन-तीन गोष्टी नकळत हिरावल्या जाऊ शकतात, आणि आज मी बोलणार आहे ते मुख्यतः त्यांच्याबद्दल.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत वेबचा प्रस्ताव मांडला, तेव्हा डोळ्यांसमोर होती ती संशोधकांची कागदपत्रं. म्हणून वेबचा मूळ घटक पान हा ठरला, आणि प्रत्येक पानाला स्वतःचा पत्ता मिळाला. लिंक दाबली की ब्राउझर हातातलं पान टाकून देतो, सर्व्हरकडून नवं मागवतो आणि ते पहिल्यापासून मांडतो. यात वेळ जातो हे खरं. पण ब्राउझर त्याच वेळी न सांगता बरंच काही करत असतो. पत्ता बदलतो, मागे जायची वाट लक्षात ठेवतो, परत आल्यावर आपण जिथवर वाचलं होतं तिथे आणून सोडतो. या सोयींसाठी पान लिहिणाऱ्याला एक ओळही लिहावी लागत नाही.

पानाचा फक्त एक तुकडा बदलण्याची युक्ती मायक्रोसॉफ्टमध्ये निघाली. आउटलुकचा मेल ब्राउझरमध्ये दाखवायचा होता, आणि दर पत्रागणिक सगळं पान नव्यानं आणणं परवडणारं नव्हतं. १९९९ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये ती सोय आली: पान जागेवर ठेवून पाठीमागून सर्व्हरशी बोलायचं आणि आलेला मजकूर हव्या त्या चौकटीत बसवायचा. तिची ताकद सर्वांना दिसली ती २००४ मध्ये जीमेल आणि २००५ मध्ये गूगल मॅप्स आल्यावर. फिरत्या रंगमंचावर पडदा न पाडता दृश्य बदलतं, तसं हे होतं.

अडचण पत्त्याची झाली. मजकूर बदलला तरी वरचा पत्ता तोच राहायचा. एखादी गोष्ट मित्राला पाठवावी तर त्याच्याकडे मुखपृष्ठ उघडायचं, आणि बॅक बटण दाबलं की माणूस थेट संकेतस्थळाबाहेर पडायचा. यावर प्रोग्रामरांनी एक पळवाट काढली. पत्त्यातलं हॅशचं चिन्ह मुळात एकाच लांबलचक पानातल्या विशिष्ट विभागाकडे नेण्यासाठी आहे. त्यापुढचा मजकूर बदलला तरी पान पुन्हा लोड होत नाही, आणि मागे जाण्याच्या वाटेत मात्र त्याची नोंद होते. मग पानाची खरी ओळख त्या हॅशच्या पुढे लिहायला सुरुवात झाली.

इथे थोडं थांबायला हवं, कारण या पळवाटेची किंमत एका फार मोठ्या संकेतस्थळानं मोजली आहे. ट्विटरनं २०१० मध्ये नवी रचना आणली आणि पत्त्यांमध्ये हॅश व उद्गारचिन्ह आलं. आता, हॅशच्या पुढचं काहीही ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही. तो नियमच आहे. त्यामुळे तुम्ही कुणाचंही पान मागा, सर्व्हरला कळायचं एवढंच, की कुणीतरी मुखपृष्ठ मागतंय. तो रिकामा सांगाडा आणि जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारी आज्ञावली, पाठवायचा. ती उतरायची, चालायची, पत्ता वाचायची, आणि मग खरा मजकूर मागवायला पुन्हा सर्व्हरकडे जायची. वेगासाठी केलेला बदल पहिल्या भेटीत उलट हळू ठरला. जुना फोन आणि अशक्त नेटवर्क असलेल्याला तर तो सर्वांत जास्त जाचला असणार. मे २०१२ मध्ये ट्विटरनं पानं पुन्हा सर्व्हरवर तयार करायला घेतली, तेव्हा पहिलं ट्विट दिसायला लागणारा वेळ पूर्वीच्या एक-पंचमांशावर आला, असं त्यांनीच जाहीर केलं. पण जगभर पसरलेले जुने पत्ते उरलेच. ते सर्व्हरला दिसत नाहीत, म्हणून त्यांना योग्य जागी पोचवणारी जावास्क्रिप्ट मुखपृष्ठावर जपत बसावं लागलं.

सरळ उपाय एचटीएमएल ५ या, वेबपानं लिहिण्याच्या भाषेच्या नव्या आवृत्तीबरोबर आला. पुशस्टेट नावाच्या आज्ञेनं पान लोड न करता खराखुरा पत्ता बदलता येतो. तो त्याच संकेतस्थळातला असावा एवढी अट आहे, आणि ती योग्यच आहे. नाहीतर एखाद्या भामट्यानं स्वतःच्या पानावर बँकेचा पत्ता मिरवला असता. प्रोग्रामर आपलं काम जिथे साठवतात त्या गिटहब या संकेतस्थळानं २०१० च्या अखेरीस फायलींच्या यादीसाठी ही आज्ञा वापरली: फोल्डर उघडलं की यादी बाजूला सरकायची, पत्ता बदलायचा, बॅक दाबलं की उलटी सरकायची. मला हा आजही नमुना वाटतो, कारण तोच पत्ता नव्यानं उघडला तर सर्व्हरही तेच पान देतो. ही दुसरी बाजू अनेक जण विसरतात. मग आत फिरताना सगळं छान चालतं, आणि रिफ्रेश केलं की ‘पान सापडलं नाही’.

बातम्या, लेख, माहितीपत्रकं यांच्यासाठी हा खटाटोप करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे, कारण तिथे लागणारी सफाई आता ब्राउझर स्वतःच देतो. मागचं पान जसंच्या तसं स्मृतीत ठेवून क्षणात परत दाखवणं फायरफॉक्स २००५ पासून करतो. आता इतर प्रमुख ब्राउझरही करतात. क्रोममध्ये २०२४ पासून एकाच संकेतस्थळाच्या दोन साध्या पानांमध्येही दृश्य हळुवार बदलता येतं. नकाशा, मेल, गाणं वाजत असताना चाळायची यादी, अशा ठिकाणी मात्र पान न पुसणंच रास्त आहे.

तिथे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते न पाहू शकणाऱ्या वाचकाकडे. स्क्रीन रीडर हा पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम. एनव्हीडीए नावाचा मोफत स्क्रीन रीडर मराठीही वाचतो. नवं पान लोड झालं की तो आधी पानाचं शीर्षक सांगतो आणि वाचायला लागतो. पान लोडच झालं नाही, तर तो गप्प राहतो. डोळस माणसाला समोर सगळं बदललेलं दिसतं. ऐकणाऱ्याला मात्र लिंक दाबली गेली की नाही, हेही कळत नाही. त्यातून, ज्या लिंकवर तो होता तीच बदलात नाहीशी झाली असेल, तर पानात आपण कुठे आहोत याचा धागाही तुटतो. उपाय अवघड नाही: पत्त्याबरोबर शीर्षक बदलायचं आणि कीबोर्डचा रोख नव्या मजकुराच्या मथळ्यावर न्यायचा. काही ओळींचं काम आहे. ते ज्यांच्या हातात आहे, असे काही तरुण प्रोग्रामर आज या सभागृहात दिसत आहेत. त्यांनी आपापल्या संकेतस्थळावर पडदा बंद करून, केवळ स्क्रीन रीडरच्या आवाजावर, एक अर्ज सुरुवातीपासून शेवटपर्यंत भरून पाहावा. कुठे अडलं ते मला जरूर कळवा. व्याख्यानानंतर मी इथेच थांबणार आहे.